जव्हारला ‘महाबळेश्वर’ करू नका

मुंबईच्या उपनगरांतील मध्यमवर्गीय कुटुंबांची सुट्टी गेल्या काही वर्षांत पार बदलून गेली आहे. पूर्वी मे महिन्यात गावी जाऊन आले, फार तर माथेरान किंवा महाबळेश्वर झाले, की वर्षाचे पर्यटन संपत असे. आता शुक्रवारची संध्याकाळ झाली की बोरिवली-अंधेरीच्या गाड्या अहमदाबाद महामार्गाला लागतात आणि मुलुंड-घाटकोपरच्या गाड्या भिवंडी-वाड्याच्या दिशेने निघतात. दोन दिवसांत जाऊन येण्याजोगे, हिरवे, थंड आणि खिशाला परवडणारे ठिकाण प्रत्येकाला हवे असते. या शोधात एक नाव वारंवार पुढे येते, ते म्हणजे जव्हार.

बोरिवलीपासून मनोर-विक्रमगडमार्गे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेले, सुमारे दीड हजार फूट उंचीवर वसलेले हे गाव. इथे राजवाडा आहे, जवळच भूपतगडासारखा किल्ला आहे, दाभोसा आणि काळमांडवीचे धबधबे आहेत, सागाची जंगले आहेत, दसरा आणि बोहाडा यांसारखे उत्सव आहेत. साहजिकच ‘ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर’ अशी बिरुदावली त्यास पूर्वीच चिकटली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. जिल्हा बदलला, बिरुद मात्र कायम राहिले. बोलणाऱ्याला त्यात जव्हारचा गौरव वाटतो. वस्तुतः जव्हारचे सारे वेगळेपण पुसून टाकण्याचे सामर्थ्य या एका विशेषणात आहे.

साहेबाचे गाव आणि राजाचे गाव

महाबळेश्वर हे पुरातन तीर्थक्षेत्र. परंतु थंड हवेचे ठिकाण म्हणून ते वसवले इंग्रजांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. माथेरानचा शोध ठाण्याच्या इंग्रज कलेक्टरने १८५० साली लावल्याचे सांगितले जाते, जणू तोवर त्या डोंगरावर धनगर, ठाकूर आणि कातकरी राहतच नव्हते! उन्हाळा सोसवेना म्हणून साहेब डोंगरावर गेला, त्याने बंगले बांधले, कड्यांना आपल्या माणसांची नावे दिली आणि संध्याकाळी घोड्यावरून फेरफटका मारण्यासाठी ‘पॉइंट’ ठरवले. स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, पण सुट्टीची त्याची कल्पना आपण जशीच्या तशी उचलली. डोंगर म्हणजे पॉइंट आणि स्थानिक माणूस म्हणजे घोडेवाला किंवा हमाल, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की जव्हारला गेलेला पर्यटकही प्रथम सनसेट पॉइंट आणि हनुमान पॉइंट कोठे आहे हेच विचारतो.

जव्हार हे साहेबाने वसवलेले गाव नव्हे. ती एका राज्याची राजधानी होती आणि ते राज्य महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे होते. संस्थापक जयबा मुकणे यांनी बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली, मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी भला मोठा मुलूख वेढला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी नोंदी बोलक्या आहेत. जयबांचे पुत्र नेमशाह यांच्या राजपदास ५ जून १३४३ रोजी दिल्लीच्या बादशहाने मान्यता दिली आणि त्या घटनेपासून जव्हारचा स्वतंत्र शक सुरू झाला. या घराण्याकडे एके काळी बावीस किल्ले आणि नऊ लाख उत्पन्नाचा मुलूख होता, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये आढळते. संस्थान भारतात विलीन झाले ते १९४८ साली. मधले चढउतार धरूनही सहाशे वर्षांची ही परंपरा आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या पहिल्या सुरत स्वारीशीही जव्हारचे नाव जोडलेले आहे. १६६४ साली सुरतेकडे जाताना महाराज शिरपामाळ येथे थांबले आणि राजे विक्रमशाह यांनी त्यांच्या शिरोभूषणात मानाचा तुरा खोवला, अशी स्थानिक परंपरा सांगते. गावाबाहेरच्या त्या माळावर आज स्मारक आहे. पुढे १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हारचा मुलूख स्वराज्यात घेतला आणि विक्रमशाहांना राज्य सोडावे लागले, हेही इतिहासाचेच पान आहे. मुलांना शिरपामाळ दाखवणाऱ्या पालकांनी दोन्ही पाने सांगावीत. त्यातून त्यांना एवढे निश्चित कळेल की ज्यांना शहरी माणूस ‘मागासलेले’ म्हणतो, त्यांचे पूर्वज या सह्याद्रीत राज्य करीत होते, तह करीत होते, लढत होते. जयविलास राजवाड्याची वास्तू याच घराण्याची. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, पुढे ते लोकसभेतही गेले. राजवाड्याच्या पायऱ्यांवर छायाचित्र काढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते?

उत्सव हा तमाशा नव्हे

इतिहासाइतकीच हेळसांड उत्सवाच्या वाट्याला येते. होळीनंतर, चैत्र-वैशाखाच्या रात्रींत जव्हार-मोखाड्याच्या गावोगावी बोहाडा रंगतो. टेंभ्यांच्या उजेडात, संबळ आणि पिपाणीच्या तालावर देवदेवतांची सोंगे एकामागून एक निघतात. आरंभी गणपती आणि शारदा, मग रामायण-महाभारतातील पात्रे, नरसिंह, रावण, त्राटिका, आणि अखेरीस पहाटे देवी आणि महिषासुराचे युद्ध. प्रत्येक सोंगाची चाल निराळी, ताल निराळा. कित्येक गावांत अमुक सोंग अमुक घराण्याचे, असा पिढीजात मान आहे. जड मुखवटा तोंडावर बांधून रात्रभर नाचणारा तो शेतकरी कलाकार म्हणून मिरवत नाही, तो आपल्या घराण्याचा नवस फेडीत असतो. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर आणि गावातील इतर समाज या एका उत्सवात एकत्र येतात. सामाजिक समरसता हा शब्द ज्या गावांनी कधी ऐकला नसेल, ती गावे ती पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहेत.

तारप्याचेही तसेच. वाळलेला दुधीभोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांतून घडणारे हे वाद्य नवे धान्य येण्याच्या दिवसांत वाजते. नाचणारे तारपेवाल्याभोवती फेर धरतात, पण त्याच्याकडे पाठ कधी करीत नाहीत. लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने जो देवचौक लिहितात, त्यात पालघट देवीची स्थापना होते. तो चौक लिहिल्याखेरीज वारल्यांचे लग्न लागत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रकला जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे नव्वदी ओलांडलेले तारपावादक भिकल्या धिंडा यांनाही २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. देश या कलांचा असा सन्मान करीत असताना शहरी पर्यटक मात्र रिसॉर्टच्या हिरवळीवर रात्रीच्या जेवणानंतर ‘अर्ध्या तासाचा तारपा’ मागवतो आणि ताटावरून पाठ न वळवता तो पाहतो. पैसे दिले म्हणजे मान दिला, ही समजूत सोडून द्यायला हवी. आपल्या घरच्या गणपतीची आरती कोणी पैसे देऊन अवेळी म्हणून घेतली, तर आपल्याला काय वाटेल?

पाणी इथले, तहानही इथलीच

धुंद पावसात जव्हार पाहून परतणाऱ्या कुटुंबाने एकदा मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा जाऊन यावे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी मध्य वैतरणा हा शेजारच्या मोखाडा तालुक्यात आहे. २०१४ साली त्याचे लोकार्पण झाले. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा ही धरणेही याच डोंगररांगांच्या कुशीत आहेत. जेथे एवढा पाऊस कोसळतो, त्याच मोखाडा-जव्हार-शहापूरच्या पाड्यांवरील बायका उन्हाळ्यात हंडा घेऊन टँकरची वाट पाहतात. उपनगरातील न्हाणीघरात जो नळ सकाळी सुटतो, त्याचे नाते या हंड्याशी आहे. हे नाते ज्याला कळले, तो तेथील हॉटेलात जाऊन तरणतलाव आहे का, असे विचारणार नाही.

माणसांचेही तेच. भाताची कापणी आटोपली, दिवाळी सरली, की येथील असंख्य कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर आणि मुंबई-ठाण्याच्या बांधकामांवर जातात. ती परततात होळीला. म्हणजे थंडीत उपनगरातील कुटुंब जव्हारची हवा खायला जाते, तेव्हा जव्हारचे कुटुंब त्याच उपनगरात इमारतीच्या विटा वाहत असते. १९९२ साली वावर-वांगणी परिसरातील बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. २०१६ मध्ये मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. स्थलांतर आणि कुपोषण यांचे नाते तेथे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

‘मग पर्यटन वाढू द्या, रोजगार मिळेल,’ असे यावर म्हटले जाते. हा युक्तिवाद सर्वस्वी चुकीचा नाही. प्रश्न रोजगार कोणता, हा आहे. जमीन ज्याची, त्यालाच त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या रिसॉर्टच्या दारात पहारेकरी म्हणून उभे करणारे पर्यटन हा विकास नव्हे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ साली आणि माथेरान २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित करावे लागले. बांधकामांची गर्दी झाल्यावर हे कुंपण घालावे लागले. जव्हारच्या बाबतीत ते आधीच घालणे शक्य आहे. हा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. वनवासींची जमीन परस्पर बिगरवनवासींकडे जाऊ नये यासाठी महसूल कायद्यात तरतूद आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. कायदा पुरेसा आहे. भाडेपट्टे, नावापुरते भागीदार अशा पळवाटांनी तो निष्प्रभ होऊ न देण्याची जागरूकता मात्र हवी.

चांगल्या वाटा कोणत्या, हेही याच मातीने दाखवले आहे. बाएफ संस्थेच्या वाडी प्रकल्पातून आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. जव्हार-विक्रमगडच्या शेतकऱ्याचा मोगरा दादरच्या फूलबाजारात येतो, आणि ज्या घरी मोगरा फुलतो त्या घराला वीटभट्टी गाठावी लागत नाही. प्रगती प्रतिष्ठानसारखी संस्था अनेक दशके जव्हारमध्ये कर्णबधिर मुलांची शाळा चालवीत आहे. पर्यटनाची जोड या प्रयत्नांना मिळाली तर ते वरदान ठरेल. ग्रामसभेच्या संमतीने गावातील घरांतूनच पाहुण्यांची सोय व्हावी. भूपतगडावर आणि धबधब्यांवर गावातीलच प्रशिक्षित तरुण वाटाडे असावेत. जुलै २०२० मध्ये काळमांडवीच्या डोहात पाच तरुण बुडाले. पाण्याची नस ओळखणारा वाटाड्या सोबत असणे किती आवश्यक आहे, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले. बोहाड्याच्या तिथी गावाने ठरवाव्यात आणि पाहुण्याने आपली सुट्टी त्यानुसार बेतावी.

यासाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. उपनगरातील कुटुंबांनी आणि गृहनिर्माण संस्थांच्या सहलींनी काही गोष्टी आजच ठरवाव्यात. मुक्काम स्थानिक घरी. जेवण नाचणीच्या भाकरीचे. चित्र घ्यायचे तर ते काढणाऱ्या हातांकडून, घासाघीस न करता. धबधब्यावर मद्याच्या बाटल्या नाहीत. उत्सवात गेलो तर पादत्राणे काढून, आमंत्रिताप्रमाणे. आणि परतल्यावर, शेजारी उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या पायथ्याशी ताडपत्रीखाली राहणाऱ्या कुटुंबाला एकदा विचारावे, “गाव कोणते?” बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि गोरेगावच्या आरेत वारल्यांचे पाडे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. ओळख वाढवायला सव्वाशे किलोमीटर जाण्याचीही गरज नाही.

जव्हारला अवश्य जावे. सहकुटुंब जावे, मुलांना न्यावे. मात्र सहाशे वर्षांच्या एका राजधानीत आपण पाहुणे म्हणून आलो आहोत, हे घरातून निघतानाच मनाशी ठरवून जावे.