गोदीत काम थांबले तर ट्रकचालकाच्या घरात काय होते?

ऑगस्ट २०२४ मध्ये देशातील मोठ्या बंदरांतील सुमारे २० हजार कामगार बेमुदत संपावर जाणार होते. तारीख ठरली होती २८ ऑगस्ट. आदल्या दिवशी, म्हणजे २७ ऑगस्टला, दिल्लीत केंद्रीय बंदरमंत्री सर्बानंद सोनोवाल यांच्या उपस्थितीत कामगार महासंघांशी समझोता झाला आणि संप टळला. बातमी तिथेच संपली. पण त्या संपाने नेमके काय झाले असते, याचा हिशेब तेव्हा फारसा कुणी मांडला नाही. तो आज मांडणे गरजेचे आहे, कारण तो वेतन करार ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतचाच आहे. त्यानंतर वाटाघाटींचे टेबल पुन्हा मांडावे लागणार.

आधी कामगारांची बाजू समजून घेऊ. त्यांचा जुना वेतन करार ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला होता. नव्या कराराची बोलणी त्याआधीच सुरू झाली होती, तरी अडीच वर्षे उलटली आणि हातात काही पडले नाही. शेवटी संपाची नोटीस दिल्यावर साडेआठ टक्के वाढ मान्य झाली, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू धरून. म्हणजे जे बोलणी करून वेळेत मिळायला हवे होते, ते संपाचा इशारा दिल्यावर मिळाले. मजुराने हक्क मागितला की त्याला अडवणूक म्हणायचे, ही आपल्याकडे सवयच झाली आहे. आम्हाला ते पटत नाही. मात्र संपाचा भार शेवटी कुणाच्या खांद्यावर पडतो, हेही उघड्या डोळ्यांनी पाहायला हवे.

न्हावा शेवाचे गणित

उरण तालुक्यातले न्हावा शेवा म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदर. २०२४-२५ या वर्षात इथून वीस फुटी मापाने सुमारे ७३ लाख कंटेनरची ये-जा झाली. गंमत अशी की इथली टर्मिनल्स आता खासगी कंपन्या चालवतात. २०२२ मध्ये बंदराचे स्वतःचे टर्मिनलही खासगी हाती गेले. त्यामुळे कुणी म्हणेल, सरकारी कामगारांचा संप झाला तरी इथे काय फरक पडणार? क्रेन तर चालूच राहतील.

पण जहाज आपोआप धक्क्याला लागत नाही. समुद्रातून आत येताना त्याला वाट दाखवणारा पायलट लागतो आणि ती सेवा बंदर प्राधिकरणाची असते. पायलट थांबला तर जहाज बाहेर नांगर टाकून उभे राहील. मग धक्क्यावरची क्रेन कितीही आधुनिक असो, तिला उचलायला माल कुठून येणार? खाडीच्या पलीकडे मुंबई बंदरात तर परिणाम याहून थेट दिसेल.

क्रेन थांबली की यार्ड भरते. यार्ड भरले की गेटवर गाड्या आत घेणे बंद होते. गेट बंद झाले की ट्रेलरची रांग रस्त्यावर येते आणि जेएनपीटी रोडपासून कळंबोलीपर्यंत त्याची झळ पोचते. त्या रांगेतला चालक गाडी सोडून जाऊ शकत नाही. जेवण, पाणी, शौचालय, सगळ्याची बोंब.

पैसा कुणाचा थांबतो?

अनेक चालकांचा हिशेब फेरीवर असतो. फेरी झाली तर भत्ता, नाही तर नाही. स्वतःची एकच गाडी असलेल्या मालकाची अवस्था आणखी बिकट. गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता, विमा आणि रस्ता कर उभे राहत नाहीत. आपल्या समाजातील कितीतरी घरे याच धंद्यावर चालतात. कुणी ट्रेलर चालवतो, कुणी गॅरेज, कुणी टायरचे दुकान, तर कुणी भिवंडीच्या गोदामात माल उतरवतो. एक गाडी थांबली की चार चुली मंदावतात.

मालवाल्याचे नुकसान वेगळ्या तऱ्हेचे. ठरलेले मोफत दिवस संपले की कंटेनर अडकवून ठेवल्याबद्दल जहाज कंपनी दंड लावते आणि यार्डातल्या जागेचे भाडे वेगळे. नाशिकची द्राक्षे किंवा गोठवलेले मांस असलेला थंड कंटेनर रांगेत अडकला तर त्याचा जनरेटर दिवसरात्र चालू ठेवावा लागतो. डिझेल जळत राहते आणि मालाचे आयुष्य कमी होत राहते. मांस निर्यातीत आपल्यातले अनेक व्यापारी आणि मजूर आहेत, त्यांना हे सांगायला नको.

मग भाडे वाढेल की पडेल? दोन्ही होईल. काही माल गुजरातेतील मुंद्रा आणि पिपावावकडे वळेल, कारण ती खासगी बंदरे या वेतन करारात येत नाहीत. लांब पल्ल्याच्या गाड्यांना त्यातून काम मिळेल. पण उरण ते पनवेल, उरण ते भिवंडी अशा छोट्या फेऱ्या करणाऱ्याची गाडी रिकामी उभी राहील. संप मिटल्यावर तुंबलेला माल एकदम सुटेल, तेव्हा भाडे चढेल. आणि तेव्हाच झोप न घेता गाडी हाकण्याचा दबावही येईल. त्या घाईत झालेल्या अपघाताचा दोष मात्र चालकाच्याच माथी येतो.

अमेरिकेचा धडा

१ ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेच्या पूर्व आणि आखाती किनाऱ्यावरील सुमारे ४५ हजार गोदी कामगार संपावर गेले. त्या किनाऱ्यावर असा संप १९७७ नंतर प्रथमच झाला. तीन दिवसांत तो थांबला आणि सहा वर्षांत ६२ टक्के वेतनवाढ मान्य झाली. कामगारांच्या एकजुटीचे हे यश होते. पण बंदरातून कंटेनर ओढणारे तिथले बहुतेक ट्रकचालक फेरीवर पैसे घेणारे, स्वतःच्या गाडीचे मालक आहेत. संपाआधी त्यांची धावपळ झाली, संपात काम थांबले, नंतर पुन्हा गर्दी. त्या ६२ टक्क्यांत त्यांचा वाटा शून्य.

आपल्याकडेही तेच आहे. गोदी कामगाराकडे महासंघ आहे, बोलणीचे टेबल आहे. वाहतूकदारांच्या संघटना आहेत, पण तिथे आवाज बहुधा मालकांचा असतो. जानेवारी २०२४ मध्ये ‘हिट अँड रन’च्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा दोनच दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला बोलणी करावी लागली. ते कलम आजवर लागू झालेले नाही. म्हणजे ताकद आहे, संघटन नाही.

आता काय करावे?

नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. हे १४ दिवस वाया घालवू नका. भाडे ठरवताना गाडी थांबली तर रोजचा हाल्टिंग चार्ज किती, हे तोंडी न ठेवता लिहून घ्या. रांगेत अडकलात तर ई-वे बिलाची मुदत पाहा. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. निर्यातदारांनी विम्यात संपाचे कलम आहे का, ते तपासावे. कलम असले तरी नुसत्या उशिरामुळे झालेले नुकसान सहसा भरून मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आणि भविष्यनिर्वाह निधी नसलेल्या चालकांनी ई-श्रम पोर्टलवर नोंद केली नसेल तर ती करून घ्यावी. सरकारी कागदावर तुम्ही दिसलाच नाहीत, तर मदत कुणाच्या नावाने येणार?

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. पुढच्या कराराची बोलणी नोटिशीची वाट न पाहता पूर्ण करा. बंदर बंद पडण्याची वेळ आली तर चालकांसाठी वाहनतळ, पाणी आणि शौचालयाची सोय आधीच ठेवा आणि त्या दिवसांचा दंड छोट्या वाहतूकदाराच्या गळ्यात पडू देऊ नका. गोदी कामगाराला त्याचा हक्क मिळालाच पाहिजे. पण त्याची किंमत गेटबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या मजुराने चुकवावी, हा इन्साफ नाही.