ठेकेदार पळाला तरी पगार बुडत नाही

शिरूर तालुक्यातले रांजणगाव आणि दौंड तालुक्यातले कुरकुंभ. कंपनीच्या फाटकावर नाव एकाचे, हजेरी दुसऱ्याची आणि पगार तिसऱ्याच्या खिशातून, असा कारभार या दोन्ही औद्योगिक क्षेत्रांत अनेक ठिकाणी चालतो. मराठवाड्यातून आलेला आपला तरुण पगार मागायला गेला की कंपनीचा बाबू ठेकेदाराकडे बोट दाखवतो. ठेकेदार म्हणतो, ‘कंपनीने बिल काढले नाही.’ आणि एक दिवस ठेकेदारच गायब होतो! मग पगार कुणी द्यायचा?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू झाली. पगारवाटपाचा 1936 चा आणि किमान वेतनाचा 1948 चा असे दोन्ही कायदे तिच्यात सामावले गेले. त्यातल्या किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी मजूर मंत्री असताना 1946 मध्ये मांडले होते, हे पगारपत्रक बनवणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? संहितेचे कलम 43 सांगते की, मालकाने (या व्याख्येत ठेकेदारही येतो) पगार दिला नाही, तर ज्या आस्थापनेत कामगार राबला तिची कंपनी जबाबदार. ही जबाबदारी 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होती. म्हणजे ‘तो आमचा माणूस नाही’ हे वाक्य तेव्हाही बेकायदा होते.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. नोकरीवरून काढले किंवा राजीनामा दिला, तर दोन कामकाजाच्या दिवसांत. पंचेचाळीस दिवसांनी ‘फुल अँड फायनल’ करण्याची जी रीत एचआरवाल्यांनी पाडली आहे, तिला पगारापुरता तरी कायद्यात कुठेही आधार नाही. मूळ वेतन बारीक आणि भत्ते जाड ठेवून पीएफ, ग्रॅच्युइटी वाचवण्याची हातचलाखीही आता अवघड झाली. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरचा भाग वेतनातच मोजायचा. दौंडच्या गुऱ्हाळांवर उचल घेऊन राबणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे: उचल कापता येते, पण सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त नाही.

पण या संहितेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. निरीक्षकाला सरकारने ‘सुविधाकार’ही करून टाकले. संहितेच्या इतर तरतुदी मोडणाऱ्याला खटल्याआधी चूक सुधारण्याची संधी, आणि कमी पगार दिल्याबद्दल दंड झालाच तर पन्नास हजारांपर्यंत. पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला, तरच तुरुंगाची भाषा. भाकरी चोरणाऱ्या गरिबाला अशी संधी कोणत्या पोलीस ठाण्यात मिळते? शिवाय 1961 च्या कायद्याखालचे ॲप्रेंटिस ‘कर्मचारी’ या व्याख्येतच नाहीत.

तरी हाती जे आले आहे ते वापरले पाहिजे. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, नुकसानभरपाई दहापटीपर्यंत मागता येते आणि नोंदणीकृत युनियनही सभासदासाठी दावा करू शकते. सर्वांत मोठी गोष्ट कलम 59 ची: पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. पगाराची पावती देणेही त्याच्यावरच बंधनकारक. मात्र तुम्ही तिथे कामाला होतात, हेच नाकारले गेले तर? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांचे घोडे इथेच अडते. म्हणून गेटपास, हजेरी कार्ड, ठेकेदाराने मोबाईलवर पाठवलेला शिफ्टचा निरोप, या सगळ्याचे फोटो पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. ते घरच्या कुणाच्या तरी मोबाईलवरही पाठवून ठेवा.