यानाचा पत्ता लागतो, गाळणीचा लागत नाही

चांद्रयान उतरले की एक ठरलेला वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, गावात प्यायला पाणी नाही आणि हे निघाले चंद्रावर. दुसरा पक्ष उत्तर देतो, असे बोलणाऱ्यांना देशाची प्रगती पाहवत नाही. २३ ऑगस्ट २०२३ नंतर हा वाद पुष्कळ रंगला; पुढच्या मोहिमेनंतरही रंगेल. गंमत अशी की एका बाबतीत दोन्ही पक्षांचे एकमत आहे. यान पाठवणे हे अवघड विज्ञान आणि पाणी गाळणे, दूध तपासणे, गुरांना लस टोचणे ही सोपी कामे. ती झाली नाहीत तर केवळ पैसा किंवा इच्छा कमी पडली म्हणून, असे दोघेही धरून चालतात. ही समजूत मुळातच चुकीची आहे, आणि ती जोवर टिकून आहे तोवर भारतातील विज्ञानवार्ता अर्धवटच राहणार आहे.

यानाच्या मार्गाचे गणित सुंदर असते, पण मोहिमेचे खरे बळ त्या गणितात नसते. यानाला थेट मंगळाकडे फेकण्याइतकी ताकद मंगळयानाच्या प्रक्षेपकात नव्हती. म्हणून यान आधी पृथ्वीभोवती लंबवर्तुळात फिरत ठेवले गेले. ते पृथ्वीच्या सर्वांत जवळ आले की इंजिन थोडा वेळ पेटवायचे, की कक्षेचे दूरचे टोक आणखी दूर सरकते. वेग जास्त असताना केलेल्या ज्वलनातून यानाच्या पदरात अधिक ऊर्जा पडते. ११ नोव्हेंबर २०१३ रोजी याच टप्प्यावर गडबड झाली. वेग सेकंदाला १३० मीटरने वाढायचा होता, वाढला ३५ मीटरने. दूरचे टोक एक लाख किलोमीटरवर जायचे ते ७८,२७६ किलोमीटरवर थांबले. इस्रोने हे आकडे लगोलग जाहीर केले आणि कारणही सांगितले: इंधनाच्या झडपेच्या मुख्य व राखीव अशा दोन्ही वेटोळ्यांना एकाच वेळी वीज दिल्यावर प्रवाह थांबला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे इंजिन पुन्हा पेटवून उणीव भरून काढली गेली. २४ सप्टेंबर २०१४ रोजी यान मंगळाच्या कक्षेत शिरले.

चंद्राच्या बाबतीतही तेच झाले. ७ सप्टेंबर २०१९ रोजी विक्रम आदळला. त्यानंतर चांद्रयान-३ ची रचना ‘काय काय बिघडू शकते’ या प्रश्नापासून सुरू झाली. उतरण्यासाठी आधी पाचशे मीटर लांब आणि तेवढाच रुंद असा तुकडा ठरला होता. तो वाढवून चार किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केला गेला. पाय मजबूत केले गेले, वेग मोजणारे नवे उपकरण बसवले गेले. २०१९च्या अपघाताचा सविस्तर अहवाल लोकांसमोर आला नाही ही तक्रार रास्तच आहे. पण आतल्या आत तरी चूक शोधली गेली, आणि ज्यांनी ती केली त्यांनीच ती दुरुस्त केली. यान बनवणारे, सोडणारे, त्यावर नजर ठेवणारे आणि ते हरवले तर मान खाली घालणारे, सारे एकाच छपराखाली असतात. प्रक्षेपणाच्या क्षणी काम संपले असे तिथे कोणालाच वाटत नाही.

आता गाळणीकडे यावे. पश्चिम बंगालच्या भूजलात आर्सेनिक आहे हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्यातील डॉक्टरांनी रुग्णांच्या त्वचेवरील डागांवरून ओळखले. तळ्यांच्या दूषित पाण्याने होणारे जुलाब टळावेत म्हणून ज्या कूपनलिका खोदल्या गेल्या, त्यांतूनच हे विष वर आले होते. पुढे आर्सेनिक काढणारी संयंत्रे हातपंपांना जोडण्याचा मोठा कार्यक्रम झाला. कोलकात्याजवळच्या बारुईपूर भागात देशी-विदेशी उत्पादकांची अशी संयंत्रे बसवण्यात आली आणि जादवपूर विद्यापीठातील संशोधकांनी दोन वर्षे त्यांच्या पाण्याचे नमुने तपासले. २००५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष सरळ होता. जागतिक आरोग्य संघटनेची लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा एकाही संयंत्राला सतत राखता आली नाही. त्या वेळची भारतीय मर्यादा पाचपट सैल, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम होती; तीही पूर्ण काळ पाळणारी संयंत्रे निघाली केवळ दोन. एकाच कंपनीची दोन संयंत्रेसुद्धा सारखी चालत नव्हती.

मंगळयानाच्या ३५ मीटरांइतकीच ही बातमी मोठी आहे. पण मंगळयानाची तूट दुसऱ्या दिवशी भरून निघाली. गाळणीच्या बाबतीत दुसरा दिवस कोणाचा, हेच ठरलेले नसते.

आणि हे काम सोपेही नाही. आर्सेनिक पकडायला बहुधा लोहाच्या ऑक्साइडचे कण वापरतात. त्यांच्या पृष्ठभागावर आर्सेनिक चिकटून बसते. परंतु तेथील जागा मोजक्या असतात, आणि पाण्यातले फॉस्फेट व सिलिकेट त्याच जागांवर हक्क सांगतात. शिवाय भूजलातील आर्सेनिकचा बराच भाग अशा रूपात असतो की त्याच्यावर विद्युतभार नसतो. आधी त्याचे ऑक्सिडीभवन केल्याशिवाय तो नीट पकडला जात नाही. पाण्यात लोह जास्त असेल तर थर बुजतो. प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने चालणारा थर एका गावात वेगळ्या वेळी संपतो, शेजारच्या गावात वेगळ्या वेळी. आणि तो संपल्याचे कळत नाही. पाण्याचा रंग, वास, चव काही बदलत नाही. मूल काल पीत होते तसेच आजही पिते. अवकाशात न्यूटनचे नियम सगळीकडे सारखे लागू होतात. बंगालच्या दोन हातपंपांचे रसायनशास्त्र सारखे नसते. अवघड काय आणि सोपे काय, याचा विचार म्हणूनच नव्याने करायला हवा.

यानाच्या मार्गाचा अंदाज बांधतानाही फिल्टर वापरतात. गोंगाट असलेल्या मोजमापांतून यानाचे खरे स्थान गाळून काढणारी ती एक गणिती रीत आहे. काल्मन हे नाव भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कानावरून गेलेले असेल. आधीचा अंदाज घ्यायचा, नवे मोजमाप घ्यायचे, दोहोंतील फरकावरून अंदाज सुधारायचा, आणि हे थांबवायचे नाही. नवी मोजमापे येणे बंद झाले की या फिल्टरला स्वतःलाच आपली अनिश्चितता वाढत चालल्याचे कळते. पाण्याच्या गाळणीला एवढेही कळत नाही, कारण तिच्या पाण्याचे मोजमाप बहुधा उद्‌घाटनाच्या दिवशीच झालेले असते.

यात संशोधक कमी पडले असे म्हणता येणार नाही. आयआयटी मद्रासमधील टी. प्रदीप यांच्या गटाने अतिशय सूक्ष्म कणांच्या साहाय्याने आर्सेनिक काढणारे स्वस्त तंत्र उभे केले, ते प्रत्यक्ष गावांत नेले, आणि त्याची आंतरराष्ट्रीय पातळीवर दखलही घेतली गेली. दोष आहे तो अशा कामांची बातमी जिथे थांबते तिथे. ‘भारतीय शास्त्रज्ञांनी लिटरमागे काही पैशांत शुद्ध पाणी देणारी गाळणी बनवली’ हे वाक्य छापले जाते. थर कोण बदलणार, आर्सेनिकने भरलेला जुना थर कुठे टाकणार आणि पाणी पुढे कोण तपासणार, हे विचारले जात नाही. संस्था शोध लावते, कंपनी बनवते, सरकारी खाते बसवते, पंचायत ताब्यात घेते. चार हातांतून गेलेली वस्तू शेवटी कोणाचीच राहत नाही. पदोन्नतीच्या वेळी शोधनिबंध आणि पेटंटे मोजली जातात. सहा वर्षांपूर्वी बसवलेल्या गाळणीचे पाणी आज कसे आहे हे तपासणाऱ्याला त्या तक्त्यात रकानाच नाही.

पाण्याकडून दुधाकडे वळले तर बातमीचा रोख आणखीच चुकलेला दिसतो. दिवाळीच्या तोंडावर वाहिन्यांवर छापे, डिटर्जंट, युरिया आणि बनावट खवा यांची रेलचेल असते. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११च्या पाहणीतील ६८.४ टक्के हा आकडा अजूनही ‘देशातले इतके दूध विषारी’ अशा अर्थाने फिरवला जातो. वास्तविक त्यात मोठा वाटा पाणी आणि दूध पावडर मिसळण्याचा होता. त्याच प्राधिकरणाच्या २०१८च्या पाहणीत ६,४३२ नमुने तपासले गेले. आरोग्याला घातक भेसळ आढळली बारा नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन एम-१ मात्र मर्यादेबाहेर होते ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के.

हे अफ्लाटॉक्सिन गवळी मिसळत नाही. ओलसर साठवलेल्या मक्यावर, सरकीवर, शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी येते; ती बुरशी विष तयार करते, गाय ते खाते, तिच्या यकृतात त्याचे रूप बदलते आणि ते दुधात उतरते. दूध उकळून ते जात नाही. याला खलनायक नाही, छाप्यात पकडून कॅमेऱ्यापुढे उभा करता येईल असा माणूस नाही. आहे ते फक्त गोदामातले ओले पोते. म्हणून त्याची बातमी होत नाही. बारा नमुन्यांवर तासन्‌तास चर्चा आणि ३६८ नमुन्यांवर मौन, हा विज्ञानाच्या नावाखाली चाललेला तमाशा आहे. पशुखाद्याच्या साठवणुकीवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे हे कंटाळवाणे काम असेल, पण दूध सुरक्षित करायचे तर त्याच कामाने होईल.

लम्पीच्या साथीत हाच प्रकार जास्त जीवघेणा ठरला. २०२२ साली गुजरात-राजस्थानपासून महाराष्ट्रापर्यंत गुरे मरत होती. मृतांची संख्या लाखावर गेली. १० ऑगस्ट २०२२ रोजी हिसारच्या अश्व संशोधन केंद्राने आणि इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने मिळून तयार केलेली स्वदेशी लस दिल्लीत समारंभपूर्वक जाहीर झाली. लस आली, अशा बातम्या झळकल्या. गोठ्यात मात्र जी टोचली जात होती ती शेळ्यांच्या देवीची जुनी लस होती. नव्या लसीच्या व्यापारी उत्पादनाला औषध नियंत्रकांचा परवाना मिळाला तो फेब्रुवारी २०२५ मध्ये. लसीच्या चाचण्यांना वेळ लागतो, लागलाच पाहिजे. त्या अडीच वर्षांबद्दल शास्त्रज्ञांना दोष देण्याचे कारण नाही. दोष त्या ‘आली’ या क्रियापदाचा आहे. गाय गमावलेल्या माणसाने ते वाचले, आणि विज्ञान आपल्यापर्यंत पोहोचत नाही असा निष्कर्ष त्याने काढला असेल तर तो अडाणीपणा म्हणता येणार नाही.

जमिनीवरच्या विज्ञानाला पाठपुरावा जमतच नाही असे कोणी म्हणेल, तर गिधाडांचे उदाहरण आहे. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे हजारात एखादे उरावे इतकी घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली पाकिस्तानातील अभ्यासातून सिद्ध झाले. मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांना बाधत नाही हे तपासण्यात इज्जतनगरच्या संस्थेचाही वाटा होता. २००६ साली बंदी आली. बातमी तिथेच संपली असती, पण संशोधक थांबले नाहीत. २००७ ते २०१० या काळात त्यांनी सामान्य गिऱ्हाईक बनून अनेक राज्यांतल्या अडीचशेहून अधिक औषध दुकानांत गुरांसाठी वेदनाशामक मागितले. तिनांतल्या एकाहून अधिक दुकानांत डायक्लोफेनॅकच पुढे आले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात होत्या. २०१५ साली माणसांसाठीच्या या इंजेक्शनच्या बाटलीवर तीन मिलिलिटरची मर्यादा आली. पुढे त्याच वर्गातील इतर औषधांची तपासणी चालू राहिली, आणि २०२३ साली गुरांसाठीच्या केटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. दुकानाच्या फळीपुढे उभे राहून बाटलीवरचे नाव टिपणाऱ्या त्या संशोधकांचे छायाचित्र कुठल्याही पहिल्या पानावर आले नाही.