पुरेशी शिल्लक नसल्यामुळे

'आपल्या खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यामुळे हप्ता परत गेला आहे' अशा आशयाचे वाक्य दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला मुंबईतल्या असंख्य भ्रमणध्वनींवर उमटते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. कारण दिले आहे, परिणाम दिला आहे आणि त्या परिणामाची किंमतही पाठोपाठ रुपयांत कळते. परंतु शिल्लक का नव्हती, हा प्रश्न त्या वाक्याच्या रचनेत मावतच नाही. शिल्लक नुसती 'नसते'. एखाद्या दिवशी वारा नसावा तशी. पगार ज्याने द्यायचा होता आणि दिला नाही, तो माणूस वाक्यातून केव्हाच निघून गेलेला असतो. वर्गात आपण कर्तरी, कर्मणी, भावे असे प्रयोग शिकवतो. कर्ता दडवण्याची सोय भाषेत कोणाच्या कामी येते, हे सांगायला याहून नेमके उदाहरण आम्हांला तरी सापडलेले नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. पगार उशिरा झाल्यामुळे बँकेने जो दंड किंवा आकार कापला, तो पगार उशिरा देणाऱ्याच्या नावे पडला पाहिजे. आज तो कामगाराच्या नावे पडतो, आणि ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की ती अन्याय म्हणून वाचताच येत नाही.

कफ परेडच्या मच्छीमार नगरापासून सुरुवात करू. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या टी. डब्ल्यू. कफ यांचे नाव धारण करणाऱ्या या भागात एका अंगाला कोळ्यांची वस्ती, होड्या आणि बधवार पार्क, तर दुसऱ्या अंगाला मेकर टॉवरच्या इमारती आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरचे संकुल. त्या संकुलातच आयडीबीआय बँकेचे मुख्यालय आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या काही विभागांची कार्यालयेही आहेत. बेस्टचे बॅकबे आगार जवळच आहे. शहराला हा किनारा आठवतो तो २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी येथे उतरले म्हणून. एरवी वर्तमानपत्रांना येथे येण्याचे फारसे कारण पडत नाही. वस्तीतून सकाळी बाहेर पडणारे सगळेच मासळीच्या धंद्यातले नाहीत. समोरच्या मनोऱ्यांत पहारा करणारे, जिने पुसणारे, गाड्या चालवणारे, घरकाम करणाऱ्या बायका, यांचीही ही वस्ती आहे.

समजा, यांपैकी एक सुरक्षारक्षक आहे. तो कंत्राटदाराकडे नोकरीला आहे. दुचाकीचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून परस्पर वळता होतो. या महिन्यात 'वरून बिल पास झाले नाही' म्हणून पगार एकोणीस तारखेला झाला. पाच तारखेला हप्ता परत गेला, तेव्हा त्याच्या बँकेने आकार कापला आणि कर्ज देणाऱ्या कंपनीने वेगळा आकार लावला. दहा-बारा तारखेला कंपनीने पुन्हा मागणी पाठवली, ती परत गेली, आणि दोन्हीकडून पुन्हा तेच. हे आकार बँकेगणिक बदलतात, पण एका वेळेला अडीचशे ते पाचशे रुपये ही सर्वसाधारण पट्टी धरली तरी दोन फेऱ्यांत हजार-दीड हजार जातात. खात्यात तेवढेही नसेल, तर पगार जमा होताक्षणी आधी ही वसुली होते. चौदा दिवस त्याचे पैसे दुसऱ्याने वापरले आणि त्या वापराचे भाडे त्यानेच भरले. बरे, सलग तीन महिने पगार जमा झाला नाही, तर अनेक बँकांत 'पगार खाते' साधे बचत खाते होऊन जाते आणि किमान शिल्लक राखण्याची अट तेव्हापासून लागू होते. म्हणजे पगार जितका जास्त रखडेल, तितके खाते महाग.

रिझर्व्ह बँकेने या आकारांना लगाम घातलेला नाही असे नाही. १ एप्रिल २०१५ पासून किमान शिल्लक नसल्याचा दंड तुटीच्या प्रमाणात असावा, तो लावण्यापूर्वी ग्राहकाला कळवावे आणि केवळ त्या दंडापायी खाते उणे होऊ नये, असे नियम झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये कर्जावरील दंडव्याजाची पद्धत बंद करून दंड-आकाराची मर्यादित पद्धत आणली गेली. स्टेट बँकेने २०२० साली किमान शिल्लकेची अट सोडून दिली आणि २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तोच मार्ग धरला. स्टेट बँकेच्या या उदारपणामागे थोडा इतिहास आहे: एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या काळात तिने किमान शिल्लकेच्या दंडापोटी सुमारे १,७७१ कोटी रुपये गोळा केले होते, आणि ही रक्कम त्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या निव्वळ नफ्याहून मोठी निघाली, तेव्हा बराच गदारोळ झाला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत सरकारने दिलेल्या उत्तरानुसार, २०१८ पासून सरकारी बँका आणि पाच मोठ्या खाजगी बँका यांनी मिळून किमान शिल्लकेच्या दंडापोटी २१ हजार कोटींहून अधिक रक्कम वसूल केली होती. या साऱ्या नियमांत आणि आकड्यांत दंड किती असावा याची चर्चा आहे. तो कोणाच्या कसुरीचा, हे कोठेही विचारलेले नाही.

'पगार' हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला दिला. त्या भाषेत तो क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ आहे 'देणे, चुकते करणे'. मराठीत येताना क्रियापदाचे नाम झाले आणि देणारा गळाला. आपण 'पगार दिला' असे फारसे म्हणत नाही; 'पगार झाला' म्हणतो, जशी पहाट झाली. 'हप्ता' फारसीतून आला, सातावरून, आठवड्यावरून. कायद्याने पगाराला दिलेली मुदतही योगायोगाने सातव्या दिवसाचीच. पगार मात्र हप्त्यात होत नाही आणि हप्ता पगाराची वाट पाहत नाही. असो.

गिरणगावाच्या कथाकवितांत पगाराच्या दिवशी फाटकाशी उभा असलेला पठाण सावकार आपल्याला वारंवार भेटतो. त्याचे भय खरे होते. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या पाहणीत ४७ टक्के कुटुंबे कर्जात आढळली होती, आणि रुपयाला महिना एक आणा, म्हणजे सालीना ७५ टक्के, हा व्याजाचा नेहमीचा दर नोंदवला होता. महिनाभर काम करून घेऊन पगार पुढच्या महिन्यात बऱ्याच उशिरा वाटण्याची गिरण्यांची रीत आणि हे कर्ज यांचे नाते उघड होते. मधले दिवस वाण्याच्या उधारीवर आणि सावकारावर निघत. त्या पठाणाचे गुणगान करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु एक फरक नजरेआड होऊ नये. तो फाटकाशी उभा राही, म्हणून पगार झाला की नाही हे त्याला दिसत असे. झालाच नसेल, तर त्या दिवशी तेथे उभे राहण्यात अर्थ नाही, एवढे त्याला कळत असे. आजच्या स्वयंचलित वसुलीला फाटक दिसत नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून तर ती रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते.

या उशिराला आवर घालणारा कायदा त्या गिरण्यांच्याच काळात जन्माला आला. ज्या शाही आयोगाचे ना. म. जोशी सदस्य होते, त्याच्या १९३१ च्या अहवालानंतर १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम झाला: हजारांहून कमी कामगार असतील तर सातव्या दिवसापर्यंत, नाहीतर दहाव्या दिवसापर्यंत पगार झालाच पाहिजे. मात्र मुदत मोडणाऱ्याला शासन काय? पगार उशिरा दिल्याची भरपाई २००५ च्या दुरुस्तीपर्यंत जास्तीत जास्त २५ रुपये होती. त्या दुरुस्तीने ती दीड ते तीन हजार रुपये झाली, आणि मालकाला होणारा दंड दीड हजार ते साडेसात हजार. आता दुसरी बाजू पाहा. खात्यात पैसे नसल्याने इलेक्ट्रॉनिक पद्धतीचा हप्ता परत गेला, तर २००७ च्या प्रदान व तडजोड प्रणाली अधिनियमाच्या कलम २५ खाली, नोटिशीनंतरही पैसे न भरल्यास, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. न वटलेल्या धनादेशाचीही तीच गत. प्रत्यक्षात सुरक्षारक्षकाला कोणी तुरुंगात धाडत नसेल. पण वसुलीच्या फोनवर ते कलम ऐकवले गेले, तर त्याने काय समजावे? एकाच उशिराच्या साखळीत पहिली कडी तोडणाऱ्याला किरकोळ दंड आणि शेवटच्या कडीला कैदेची भीती, अशी ही वाटणी आहे.

बॅकबे आगाराच्या फाटकाशी हा विषय अगदी जाहीरपणे येऊन गेला आहे. ७ ऑगस्ट २०१७ रोजी, राखीपौर्णिमेच्या दिवशी, बेस्टचे सुमारे ३६ हजार कर्मचारी संपावर गेले, आणि त्यांची एक प्रमुख मागणी फक्त एवढीच होती की पगार वेळेवर व्हावा. दहा तारखेपर्यंत पगार होईल असे आश्वासन मिळाले आणि संप त्याच दिवशी मिटला. वाढ मागितली नव्हती, तारीख मागितली होती. पुढे २०२०-२१ च्या सुमारास याच कर्मचाऱ्यांना पगाराचा काही भाग नाण्यांत आणि सुट्ट्या नोटांत मिळू लागला, कारण तिकिटांची चिल्लर उपक्रमाकडे साचून राहिली होती. पगार झाला, वेळेवर झाला, पण खात्यावर झाला नाही. ज्याचा घराचा हप्ता खात्यातून जातो, त्याने ती पिशवी घेऊन कोणत्या खिडकीशी उभे राहायचे? एस.टी.च्या कामगारांची कथा याहून करुण आहे. पाच महिन्यांहून अधिक चाललेल्या त्यांच्या संपात सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये जी घोषणा केली, तिच्यातही दहा तारखेपूर्वी पगार ही हमी द्यावी लागली.

यावर कोणी म्हणेल की बँकेचा करार खातेदाराशी आहे. मालकाने काय केले ते तिने का पाहावे? आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच आम्ही बँकेने आकार सोडून द्यावा असे म्हणत नसून तो मालकाकडून वसूल व्हावा असे म्हणतो. दुसरा आक्षेप कंत्राटदाराचा: मलाच बिल मिळाले नाही. यात तथ्य असते, कारण उशिराची सुरुवात पुष्कळदा सरकारी कार्यालयातच होते. (कोळ्यांच्या डिझेल परताव्याची थकबाकी हा त्याचाच भाऊबंद. परतावा रखडला तरी नाखव्याच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही, आणि खलाशाची उचल त्याच हिशेबात अडकते.) तथापि कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यावा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होती. आणि विलंबाची भरपाई आपोआप ठरवता येते, हेही या देशाने करून पाहिले आहे. ग्रामीण रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात पंधरा दिवसांनंतरच्या प्रत्येक दिवसाला थकीत मजुरीच्या ०.०५ टक्के भरपाई होती. हजार रुपयांवर दिवसाला पन्नास पैसे! रक्कम हास्यास्पद आहे, पण तत्त्व नाही: उशिराचा मीटर मजुराच्या बाजूने फिरत होता.

आता हे सारे परक्यांचे दुःख म्हणून वाचणाऱ्या आमच्या वाचकांसाठी दोन शब्द. मराठीचे वर्ग महाविद्यालयांत आज कोण घेते? पुष्कळ ठिकाणी तासिका तत्त्वावरील अध्यापक. त्यांचे मानधन महिन्याच्या महिन्याला होणे ही बातमी ठरावी अशी स्थिती आहे. चार-सहा महिन्यांचे एकदम निघते, आणि तोवर हप्ते परत जात राहतात. श्रमिकांच्या साहित्यावर परिसंवाद घेणारे आम्ही त्या आकारांबद्दल आपसांतही बोलत नाही. हप्ता परत जाणे ही अब्रूची बाब वाटते. सावकार दारात आला तर शेजाऱ्यांना कळे, आणि कळल्यामुळे कधी चार माणसे मध्ये पडत. भ्रमणध्वनीवरचा संदेश एकट्यालाच दिसतो आणि तो मुकाट्याने पुसून टाकता येतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. मासिक पगाराची मुदत तिने सर्वांसाठी सातव्या दिवसाची केली आणि जुन्या कायद्यातली २४ हजारांची वेतनमर्यादा उरली नाही. थकलेल्या वेतनाच्या दाव्यात, देय रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार तिने प्राधिकाऱ्याला दिला आहे. बँकेच्या आकाराचा उल्लेख तिच्यात नाही, पण त्या भरपाईत तो सहज मावेल. तो मागितला मात्र गेला पाहिजे. त्यासाठी पासबुक भरून आणावे लागेल आणि कागदावर दोन तारखा शेजारी शेजारी लिहाव्या लागतील: आकार कापल्याची आणि पगार झाल्याची. मच्छीमार नगरातल्या कोणाला असा अर्ज मराठीत लिहून हवा असेल, तर ते काम आमच्यापैकी कोणालाही जमण्यासारखे आहे. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे.