निवाडा सोडावा, निरीक्षण ठेवावे

पहिली कादंबरी प्रसिद्ध होऊन दोन-चार महिने लोटले, प्रकाशनसमारंभातील हारतुरे सुकून गेले, आप्तेष्टांनी तोंडभर केलेली स्तुती ऐकून झाली, आणि मग एके दिवशी कोणा अपरिचित परीक्षकाने अवघ्या तीन परिच्छेदांत ती निकालात काढली, म्हणजे नवोदित कादंबरीकाराच्या मनाला जी कळ लागते ती सोसणे सोपे नसते. आपल्या आयुष्यातील काही वर्षेच कोणी नामंजूर केली असे त्याला वाटू लागते. अशा प्रसंगी हितचिंतकांपैकी काही जण टीकेकडे साफ दुर्लक्ष करावयास सांगतात, तर काही जण ती शिरसावंद्य मानावयास सांगतात. माझ्या मते हे दोन्ही सल्ले घातक आहेत. बहुतेक टीकेत निवाडा आणि निरीक्षण या दोन वस्तू एकत्र मिसळलेल्या असतात; त्या वेगळ्या करून पहिलीचा भार मनावर न ठेवणे आणि दुसरी जपून ठेवणे, हाच येथे खरा विवेक होय.

इंग्रजी कादंबरीकार थॉमस हार्डी याचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. त्याची पहिली कादंबरी प्रकाशकांनी साभार परत केली आणि ती कधीच छापली गेली नाही. तिचे हस्तलिखित वाचून कादंबरीकार जॉर्ज मेरेडिथने त्याला असे सुचविले की समाजावरील हल्ला इतका उघड नसावा व कथानकाकडे अधिक लक्ष द्यावे. हार्डीने हा सल्ला इतका मनावर घेतला की खून, कारस्थाने आणि रहस्ये यांनी गच्च भरलेली ‘डेस्परेट रेमेडीज’ त्याने लिहिली आणि पदरचे 75 पौंड भरून 1871 साली ती तीन खंडांत निनावी प्रसिद्ध करविली. ‘स्पेक्टेटर’ या साप्ताहिकाने तिच्यावर कठोर प्रहार केले. गावाकडे परतताना, मेंढ्यांच्या कुरणाच्या कुंपणाला पलीकडे उतरण्यासाठी ज्या पायऱ्या असतात त्यांवर बसून त्याने ते परीक्षण वाचले, आणि त्या क्षणी आपल्याला मरण येईल तर बरे असे त्याला वाटले, अशी हकीकत त्याच्या चरित्रात नमूद आहे.

परंतु त्याच परीक्षणात, एका अविवाहित कुलीन स्त्रीला मूल झाल्याचे दाखविल्याबद्दलच्या संतापाबरोबरच, खेडुतांचे जीवन हुबेहूब टिपण्याच्या लेखकाच्या हातोटीची मोकळी वाखाणणीही होती. हार्डीने संतापाचा भाग सोडून दिला आणि वाखाणणीचा धागा उचलला. 1872 साली आलेल्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ या कादंबरीत खेड्यातील चर्चमध्ये वाद्ये वाजविणारी साधी माणसेच केंद्रस्थानी आली, आणि 1874 च्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ने त्याचे नाव सर्वतोमुखी केले.

आपल्याकडेही विभावरी शिरूरकर या टोपणनावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर यांच्या ‘हिंदोळ्यावर’ या 1934 सालच्या पहिल्या कादंबरीवर असेच वादळ उठले होते. पतीपासून दुरावलेल्या स्त्रीच्या मातृत्वाच्या आकांक्षेला त्यांनी वाचा फोडली, हाच आक्षेपकांच्या लेखी अपराध ठरला. अशा आक्षेपात निवाडाच होता, आणि त्यापुढे मान तुकविण्याचे बाईंना कारण नव्हते. त्यांची लेखणी थांबली नाही. तारेच्या कुंपणाआड डांबलेल्या तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीचे जीवन मराठी कादंबरीत आणणारी ‘बळी’ त्यांनी 1950 साली लिहिली.

म्हणून नव्या कादंबरीकाराला माझे सांगणे असे की प्रतिकूल परीक्षण आले त्याच दिवशी संपादकाकडे खुलासा धाडण्याची घाई करू नये. मन निवल्यावर ते परीक्षण पुन्हा वाचावे, आणि कोणते पात्र निर्जीव वाटले, कोठे कथा रेंगाळली, कोणत्या प्रकरणापाशी वाचक अडला, एवढेच टिपून घ्यावे. अशी एकही नोंद जर त्यात सापडली नाही, तर ते परीक्षण खुशाल दप्तरी दाखल करावे. हीच कसोटी स्तुतीलाही लावावी. ‘अप्रतिम’ हाही निवाडाच आहे, आणि त्यातून लेखकाला शिकण्यासारखे काहीच हाती लागत नाही.

तथापि मराठीतील नवोदिताची खरी निराशा कठोर टीकेपेक्षा मौनातून उद्भवते. पुस्तकाचे गठ्ठे प्रकाशकाच्या गोदामात पडून राहतात, भेटीदाखल दिलेल्या प्रतींची पोचदेखील येत नाही, आणि वृत्तपत्रांतील ‘साभार पोच’च्या यादीत नाव आले की दखल संपली. या मौनावर एक उतारा संपादकाकडे असतो. ‘मौज’ प्रकाशनाचे संपादक श्री. पु. भागवत हस्तलिखिताचा बारकाईने विचार करून लेखकाशी चर्चा करीत. छपाईपूर्वीच निरीक्षणांचे असे धन ज्याला लाभले, त्याला पुढची टीका सोसण्याचे बळही लाभत असे. आज अशी संपादकीय मेहनत दुर्मिळ झाली आहे आणि ती पुन्हा रुजविणे हे प्रकाशकांचे कर्तव्य आहे. वाचकांकडेही एक मागणे आहे. या वर्षी एखाद्या नव्या लेखकाची पहिली कादंबरी विकत घ्या, ती शेवटपर्यंत वाचा, आणि कोठे रंगून गेलात व कोठे पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले, हे त्या लेखकाला चार ओळींत अवश्य कळवा.