कलम १५१ : शेवटचा दरवाजा, पहिला नव्हे

डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावच्या वतनदार परिषदेत बाबासाहेबांनी महार वतनाच्या जमिनींचा प्रश्न मांडला. त्याच जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरमध्ये, जमिनीचा लढा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयातही लढावा लागतो. तिथे बाजू खरी असूनही कच्च्या अर्जामुळे प्रकरण अडते.

अनेक अर्जांवर फक्त ‘कलम १५१’ लिहिलेले असते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चे हे कलम न्यायालयाचे अंगभूत अधिकार राखून ठेवते : न्यायासाठी आणि प्रक्रियेचा गैरवापर रोखण्यासाठी. पण संहितेत स्वतंत्र तरतूद असेल, तर तिचाच आधार घ्यावा लागतो. तात्पुरत्या मनाईसाठी आदेश ३९, एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यासाठी आदेश ९ नियम १३. मनोहरलाल चोप्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे अधिकार मान्य केले, मात्र अपवादात्मक परिस्थितीतच वापरण्यासाठी.

म्हणून अर्जात तारखेनिशी घटना, दुसरी तरतूद का लागू होत नाही आणि नेमका कोणता आदेश हवा, हे लिहा. सोबत प्रतिज्ञापत्र जोडा.

अनुसूचित जातीच्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो. तरुणांनो, गावातल्या पक्षकाराला तिथपर्यंत पोहोचवा आणि सही करण्यापूर्वी अर्ज त्याला वाचून दाखवा.