विश्लेषण : हार्डडिस्क नसलेला संगणक सुरू कसा होतो?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कितीतरी कार्यालयांतले चालते-बोलते संगणक अचानक ‘जुने’ ठरले. वाढीव सुरक्षा अपडेट हवे असतील, तर कंपन्यांना पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर मोजावे लागतात. पुढे ही रक्कम दरवर्षी दुप्पट होते. शिक्षणसंस्थांना हा दर १ डॉलरपासून आहे, पण तीन वर्षांनंतर त्यांच्यापुढेही हाच प्रश्न येणार.

हे संगणक भंगारात न घालण्याचा एक जुना मार्ग आहे.

तो चालतो कसा?

बटण दाबले की संगणकाचे नेटवर्क कार्ड ‘पीएक्सई’ पद्धतीने नेटवर्कवर विचारणा करते. डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी पत्ता देतो आणि बूट फाइल कुठे आहे ते सांगतो. ती फाइल टीएफटीपीवरून उतरते, मग लिनक्सचा कर्नल आणि बाकीची प्रणाली नेटवर्कवरूनच येते. शेवटी पडद्यावर रिमोट डेस्कटॉपचे लॉगिन दिसते. खरे काम सर्व्हरवर होते, समोरचे यंत्र फक्त कीबोर्ड, माउस आणि चित्र सांभाळते. १९९९ पासूनचा ‘एलटीएसपी’ हा मुक्त प्रकल्प याच कामासाठी आहे. अपडेटही एकाच प्रतिमेत करायचे, वीस ठिकाणी नाही.

मग अडते कुठे?

पैशात, आधी. रिमोट डेस्कटॉप विंडोज सर्व्हरवर हवा असेल तर प्रत्येक वापरकर्त्याचा किंवा यंत्राचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. लिनक्सवर तो खर्च नाही. मात्र ब्राउझर उघडला की माणशी एक-दोन जीबी मेमरी सहज जाते, म्हणजे वीस जणांसाठी दणकट सर्व्हर आणि गिगाबिट स्विच आलाच. वाय-फायवर पीएक्सई सहसा चालत नाही, तारा ओढाव्याच लागतात. सगळ्यांनी एकदम व्हिडिओ लावले तर चित्र अडखळते.

सर्व्हर बंद पडला तर सगळी लॅब बंद. म्हणून यूपीएस सर्वात आधी त्याला.

सुरक्षेकडे मात्र फारसे कुणी बघत नाही. साधे पीएक्सई समोरच्याची ओळख तपासत नाही, जो आधी उत्तर देईल त्याचे ते ऐकते. राउटरचा डीएचसीपी चालू राहिला तरी गोंधळ होतो; कुणी मुद्दाम खोटा सर्व्हर लावला तर यंत्र त्याचीच प्रणाली उचलू शकते. अशा यंत्रांसाठी वेगळे व्हीलॅन ठेवणे आणि सिक्युअर बूट चालू ठेवणे, एवढी काळजी पहिल्याच दिवशी घ्यावी लागते.